बॅश शेल : कमांड, आउटपुट आणि सेटिंग्ज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे लिनक्सवर बॅश वापरणाऱ्यांसाठी आहेत. कमांड, फाइलींची नावे आणि त्यांतील अंक येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ते रोमन लिपीतच टाइप करावेत. जिथे खरोखरच देवनागरी अक्षरे अभिप्रेत आहेत, तिथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

प्रश्न : टर्मिनल आणि शेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

होय. टर्मिनल ही केवळ खिडकी आहे. कळफलकावरून आलेली अक्षरे ती आत पाठवते आणि आतून आलेली अक्षरे पडद्यावर दाखवते. शेल हा त्या खिडकीत चालणारा एक साधा प्रोग्राम असून आपण लिहिलेल्या ओळीचा अर्थ लावणे आणि त्यानुसार इतर प्रोग्राम सुरू करणे हे त्याचे काम आहे. अक्षरांचा आकार, रंग आणि कॉपी-पेस्टच्या कळा टर्मिनलच्या अखत्यारीत येतात, तर कमांडचा अर्थ, व्हेरिएबले (नाव देऊन ठेवलेल्या किमती) आणि इतिहास (दिलेल्या कमांडची नोंद) शेलच्या अखत्यारीत येतात. काही बिघडले की आधी ‘हे नक्की कोणी केले : टर्मिनलने, शेलने की प्रोग्रामने?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी, कारण पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच एका प्रश्नातून निघतात.

युनिक्सचे पहिले शेल केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७१ साली लिहिले. स्टीफन बोर्न यांचे शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आले, आणि त्याला पर्याय म्हणून ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेले बॅश १९८९ साली प्रसिद्ध झाले. ‘बोर्न-अगेन शेल’ या नावात बोर्न यांच्या नावावर केलेली कोटी आहे. मॅकओएसने २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून नव्या खात्यांसाठी झीशेल हे शेल ठरवून दिले. मॅकमध्ये बॅश अजूनही असते, पण ते ३.२ हे जुने रूप आहे. त्यामुळे लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट (फाइलीत लिहून ठेवलेल्या कमांड) मॅकवर अडली, तर दोष स्क्रिप्टचाच असेल असे नाही.

प्रश्न : एंटर दाबल्यावर नेमके काय घडते?

आपली ओळ आहे तशी प्रोग्रामकडे जाते, असा नवख्यांचा समज असतो, आणि तिथेच पुढच्या गोंधळाची मुळे आहेत. प्रत्यक्षात शेल आधी ती ओळ वाचते, तिचे शब्द पाडते, आणि मग ठरलेल्या क्रमाने त्या शब्दांची रूपे बदलते. प्रथम महिरपी कंसांचा विस्तार होतो. नंतर ~ या चिन्हाच्या जागी आपल्या घरच्या फोल्डरचा पत्ता येतो. त्यानंतर $ ने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलांच्या जागी त्यांच्या किमती आणि $( ) मधल्या कमांडच्या जागी तिचे आउटपुट बसते. अशा रीतीने आलेला मजकूर अवतरणचिन्हांत नसेल तर त्याचे पुन्हा शब्द पाडले जातात. त्यानंतर *, ? आणि [ ] यांना जुळणाऱ्या फाइलींची नावे शोधली जातात, आणि सर्वांत शेवटी अवतरणचिन्हे काढून टाकली जातात. > सारख्या चिन्हांनी सांगितलेल्या फाइलीही शेलच उघडते. एवढे सगळे झाल्यावरच प्रोग्राम सुरू होतो.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा फोल्डरमध्ये अ.टीएमपी, ब.टीएमपी आणि क.टीएमपी अशा तीन फाइली आहेत आणि आपण पुढील कमांड दिली :

आरएम *.टीएमपी

फाइली पुसणाऱ्या आरएम या प्रोग्रामला तो तारा कधीच दिसत नाही. त्याच्या हाती तीन तयार नावे पडतात. ताऱ्याला जुळणारी एकही फाइल नसेल, तर बॅश तो शब्द तसाच पुढे ढकलते आणि आरएम ‘*.टीएमपी नावाची फाइल नाही’ अशी तक्रार करतो. ती तक्रार वाचून लोक आरएमलाच दोष देतात.

या रचनेचे काही परिणाम गमतीशीर आहेत. एखाद्या फोल्डरमध्ये लाखो फाइली साठल्या की ‘आरएम *’ ही कमांड ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असे म्हणून थांबते, पण त्याच फोल्डरमध्ये मिळालेले शब्द छापणारी ‘इको *’ मुकाट्याने चालते. इको बॅशच्या आतच असल्यामुळे त्याच्यासाठी नवा प्रोग्राम सुरू करावा लागत नाही. आरएमसाठी मात्र तो करावा लागतो, आणि नव्या प्रोग्रामला देता येणाऱ्या शब्दांच्या एकूण लांबीवर कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, मर्यादा आहे. नेहमीच्या लिनक्सवर ती सुमारे २ एमबी असते. अशा वेळी फाइली शोधणारा फाइंड वापरावा. मात्र फाइंडला द्यायचा *.लॉग हा नमुना अवतरणचिन्हांत ठेवावा, नाहीतर तो फाइंडपर्यंत पोहोचण्याआधीच शेल त्याचा विस्तार करून मोकळे होते.

प्रश्न : फाइलीच्या नावात स्पेस असली की कमांड का फसते?

शब्द कुठे संपला हे शेल स्पेसवरूनच ओळखते. ‘पुणे अहवाल.पीडीएफ’ ही एक फाइल आहे हे आपल्याला कळते, शेलला कळत नाही. व्हेरिएबलात ठेवलेल्या नावाचेही तेच होते :

फाइल="पुणे अहवाल.पीडीएफ"
आरएम $फाइल

पहिली ओळ बरोबर आहे. दुसऱ्या ओळीत व्हेरिएबलाची किंमत बसल्यानंतर पुन्हा शब्द पाडले जातात, आणि आरएमला ‘पुणे’ व ‘अहवाल.पीडीएफ’ अशी दोन नावे मिळतात. ‘अहवाल.पीडीएफ’ या नावाची दुसरी एखादी फाइल तिथे असेल, तर ती बिचारी हकनाक जाते. म्हणून ‘आरएम "$फाइल"’ असेच लिहावे. दुहेरी अवतरणचिन्हांत व्हेरिएबलाची किंमत बसते, पण तिचे तुकडे होत नाहीत. एकेरी अवतरणचिन्हांत काहीच बदलत नाही आणि $ हे चिन्हही साधे अक्षर म्हणून राहते. दुहेरी चिन्हे कधी लावावीत, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे की ती नेहमी लावावीत, आणि न लावण्याचे कारण सांगता आले तरच काढावीत.

नावाच्या सुरुवातीला उणे चिन्ह असेल तर निराळी अडचण येते. ‘-आय’ नावाची फाइल असताना ‘आरएम *’ दिले, तर आरएम त्या नावाला आपला पर्याय समजतो. ‘आरएम ./*’ असे लिहिल्यास प्रत्येक नावाची सुरुवात ./ ने होते आणि हा धोका उरत नाही.

प्रश्न : प्रोग्राम याच फोल्डरमध्ये दिसत असूनही ‘कमांड नॉट फाउंड’ असे का येते?

शेल चालू फोल्डरमध्ये शोधतच नाही. नावात तिरकी रेघ नसेल, तर शेल आधी टोपणनावे (एलियास), मग फंक्शने, मग स्वतःच्या आतल्या कमांड पाहते, आणि शेवटी पाथ या व्हेरिएबलात लिहिलेली फोल्डरे डावीकडून उजवीकडे तपासते. चालू फोल्डर त्या यादीत हेतुपुरस्सर नसते, कारण कोणीतरी सामायिक फोल्डरमध्ये फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’च्याच नावाचा खोडसाळ प्रोग्राम ठेवला तर तोच चालायचा. म्हणून आपली स्क्रिप्ट ‘./अहवाल.एसएच’ अशी बोलवावी लागते. एखाद्या नावामागे नक्की काय आहे हे ‘टाइप -ए’ या कमांडने कळते. ‘व्हिच’ला शेलच्या आतल्या गोष्टी सहसा माहीत नसतात, म्हणून मी टाइपच वापरतो.

प्रोग्राम एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवला आणि शेल जुन्याच पत्त्यावर जात राहिले, तर ‘हॅश -आर’ द्यावे. एकदा सापडलेला पत्ता बॅश लक्षात ठेवते.

प्रश्न : स्क्रिप्टमध्ये सीडी (फोल्डर बदलणारी कमांड) लिहिले, पण स्क्रिप्ट संपल्यावर मी जुन्याच फोल्डरमध्ये कसा?

स्क्रिप्ट ही नव्या प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू शेलने सुरू केलेल्या वेगळ्या प्रोग्राममध्ये, चालते. चालू फोल्डर आणि व्हेरिएबले ही प्रत्येक प्रोसेसची आपापली असतात, आणि मुलाने केलेला बदल आईपर्यंत परत येत नाही. याच कारणाने सीडी बॅशच्या आतच असावे लागते. बदल चालू शेलमध्येच हवे असतील, तर ‘सोर्स स्क्रिप्ट.एसएच’ असे द्यावे, म्हणजे त्या ओळी नव्या प्रोसेसशिवाय इथेच चालतात. मग त्या स्क्रिप्टमधील ‘एक्झिट’ ही कमांड आपले टर्मिनलही बंद करील, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : आउटपुट फाइलीत वळवले, तरी काही ओळी पडद्यावर का येतात?

प्रत्येक प्रोग्रामला सुरू होताना तीन वाटा मिळतात. ० क्रमांकाची वाट आत येणाऱ्या मजकुरासाठी, १ क्रमांकाची नेहमीच्या आउटपुटसाठी आणि २ क्रमांकाची चुकांच्या संदेशांसाठी असते. > हे चिन्ह फक्त १ क्रमांकाची वाट वळवते. चुकांचे संदेश आउटपुटात मिसळून फाइलीत गाडले जाऊ नयेत, यासाठी ही विभागणी आहे. दोन्ही एकाच फाइलीत हवे असतील तर असे लिहावे :

कमांड > नोंद.टीएक्सटी २>&१

इथे क्रम महत्त्वाचा आहे. ‘२>&१’ याचा अर्थ ‘२ ला १ शी कायमचे जोड’ असा नसून ‘१ आत्ता जिथे जाते आहे, तिथे २ लाही पाठव’ असा आहे. शेल ही चिन्हे डावीकडून उजवीकडे वाचते. वरच्या ओळीत १ आधी फाइलीकडे वळते आणि मग २ तिच्या मागोमाग जाते. हाच क्रम उलटा करून ‘कमांड २>&१ > नोंद.टीएक्सटी’ असे लिहिले, तर २ ची वाट ठरते त्या क्षणी १ पडद्याकडे बघत असते. परिणामी चुका पडद्यावर येतात आणि फक्त आउटपुट फाइलीत जाते. ही दुसरी ओळ चुकीची असते असेही नाही, कारण कधीकधी नेमके तेच हवे असते.

संदेश नकोच असतील तर ‘२> /डेव्ह/नल’ लिहिता येते. पण नव्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच दिवशी असे लिहिणे म्हणजे अलार्मची तार कापून झोपणे होय.

प्रश्न : फाइल सॉर्ट करून त्याच फाइलीत ठेवली, तर ती रिकामी का झाली?

‘सॉर्ट नावे.टीएक्सटी > नावे.टीएक्सटी’ या कमांडने मी स्वतः एकदा दोन दिवसांची नोंदणी घालवली आहे, म्हणून हे उत्तर मनापासून देतो. प्रोग्राम सुरू होण्याआधी शेल फाइली उघडते, हे वर आलेच आहे. > ने उघडलेली फाइल त्याच क्षणी शून्य बाइटांची होते. त्यानंतर सॉर्ट सुरू होतो, रिकामी फाइल वाचतो, रिकामेच आउटपुट देतो आणि काम यशस्वी झाल्याचे कळवतो. एरर येत नाही, कारण कोणीच चुकलेले नसते.

सॉर्टपुरता उपाय म्हणजे ‘सॉर्ट -ओ नावे.टीएक्सटी नावे.टीएक्सटी’. सॉर्ट सगळे वाचून झाल्यावरच लिहायला घेतो, म्हणून इथे धोका नाही. इतर प्रोग्रामांसाठी आधी वेगळ्या नावाने लिहून मग एमव्हीने नाव बदलावे. ‘सेट -ओ नोक्लॉबर’ हे सेटिंग लावले, तर असलेली फाइल > ने पुसण्यास बॅश नकार देते, आणि खरोखर पुसायची असेल तेव्हा >| लिहावे लागते. त्या घटनेनंतर माझ्या बॅशआरसीत, म्हणजे बॅशच्या सेटिंग्जच्या फाइलीत, ही ओळ कायमची आली.

प्रश्न : सुडो लावूनही ‘परमिशन डिनाइड’ का?

‘सुडो इको … > /ईटीसी/होस्ट्स’ यात सुडोचा, म्हणजे प्रशासकाचा, अधिकार इकोला मिळतो, फाइल मात्र आपले साधे शेल उघडते. ‘इको … | सुडो टी -ए /ईटीसी/होस्ट्स’ असे लिहावे, म्हणजे फाइल सुडोने चालणारा टी उघडतो. -ए विसरल्यास जुना मजकूर पुसला जातो.

प्रश्न : पाइपने (| या चिन्हाने) जोडलेल्या कमांड एकामागून एक चालतात का?

नाही, त्या एकाच वेळी चालतात. युनिक्समध्ये पाइप १९७३ साली आला. डग मॅकइलरॉय यांनी तो सुचवला आणि थॉम्पसन यांनी बसवला. पाइप म्हणजे कर्नलमधील एक लहानसा हौद आहे. लिनक्सवर त्यात साधारणतः ६५,५३६ बाइट मावतात. हौद भरला की लिहिणारा थांबतो, रिकामा झाला की वाचणारा थांबतो. वाचणारा उठून गेला तर लिहिणाऱ्याला सिगपाइप हा संकेत मिळतो आणि तो संपतो, म्हणूनच अनंत काळ ‘वाय’ छापत राहणारी ‘येस’ ही कमांडसुद्धा ‘येस | हेड’ मध्ये १० ओळींनंतर निमूटपणे थांबते.

याच संदर्भात दोन तक्रारी नेहमी येतात. पहिली अशी की एलएस पडद्यावर रकाने पाडून यादी देतो, पण पाइपमध्ये एका ओळीवर एकच नाव देतो. यात शेलचा हात नाही. आपले आउटपुट टर्मिनलकडे जाते आहे की नाही हे एलएस स्वतः तपासतो आणि तसा वागतो. दुसरी तक्रार अशी :

टेल -एफ सर्व्हर.लॉग | ग्रेप एरर | ग्रेप पेमेंट

लॉगमध्ये ओळी येत असतात, पडद्यावर मात्र काहीच नाही, आणि मग दहा मिनिटांनी एकदम धो-धो मजकूर येतो. कारण असे की टर्मिनलकडे लिहिताना प्रोग्राम ओळ पूर्ण होताच ती सोडतो, परंतु पाइपकडे लिहिताना तो साधारण ४,०९६ बाइट साठेपर्यंत वाट पाहतो. पहिला ग्रेप (दिलेला शब्द असलेल्या ओळी निवडणारा प्रोग्राम) ओळी दाबून बसलेला असतो. त्याला ‘--लाइन-बफर्ड’ हा पर्याय द्यावा, आणि असा पर्याय नसलेल्या प्रोग्रामांसाठी ‘एसटीडीबफ -ओएल’ वापरून पाहावे.

प्रश्न : पाइपनंतरच्या लूपमध्ये मोजलेली संख्या बाहेर शून्यच का दिसते?

‘कॅट यादी.टीएक्सटी | व्हाइल रीड ओळ’ अशा रचनेत पाइपच्या उजवीकडचा लूप बॅश एका उपशेलमध्ये, म्हणजे स्वतःच्या प्रतीमध्ये चालवते. मोजणी त्या प्रतीत होते आणि प्रतीबरोबरच संपते. लूपच्या शेवटी ‘डन < यादी.टीएक्सटी’ असे लिहून फाइल थेट दिली की प्रश्न मिटतो. झीशेल पाइपमधला शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालवते, त्यामुळे ‘माझ्या मॅकवर तर बरोबर आकडा येतो’ असे म्हणणाराही खोटे बोलत नसतो.

प्रश्न : कमांड यशस्वी झाली की नाही, हे शेलला कसे कळते?

प्रत्येक प्रोग्राम संपताना ० ते २५५ मधील एक संख्या मागे ठेवतो. ० म्हणजे यश, बाकी सगळे अपयशाचे प्रकार. ती संख्या $? मध्ये मिळते. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, आणि १२८ च्या पुढची संख्या बहुधा प्रोग्राम कोणत्या संकेताने संपला ते सांगते : १२८ अधिक संकेताचा क्रमांक. कंट्रोल-सी दाबून थांबवल्यास संकेत २ असल्यामुळे १३० येते. मेमरी संपल्यावर कर्नलने प्रोसेस मारली तर १२८ अधिक ९, म्हणजे १३७ दिसते.

ग्रेपला काही सापडले नाही तरी तो १ देतो. ते अपयश नव्हे, ते उत्तर आहे. ‘सेट -ई’ (कमांड अपयशी होताच थांब) लावलेल्या स्क्रिप्ट याच ठिकाणी अचानक थांबतात. पाइपबाबत आणखी एक बारकावा असा की $? मध्ये फक्त शेवटच्या कमांडचा निकाल असतो. ‘बॅकअप | जीझिप > प्रत.जीझेड’ यात बॅकअप अर्ध्यावर कोसळला तरी जीझिप आनंदाने ० देतो. पाइपमधल्या कोणत्याही कमांडचे अपयश कळावे यासाठी अशा स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ असलेच पाहिजे.

प्रश्न : बॅशआरसीत सेटिंग लिहिले, तरी ते लागू का होत नाही?

बॅश सुरू होताना कोणत्या फाइली वाचायच्या, हे ते कसे सुरू झाले यावर ठरवते. लॉगिन शेल असेल तर ते आधी /ईटीसी/प्रोफाइल वाचते, आणि नंतर घरच्या फोल्डरमधील .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन आणि .प्रोफाइल यांपैकी जी पहिली सापडेल ती एकच वाचते. लॉगिन नसलेले पण माणसाशी बोलणारे शेल, म्हणजे लिनक्सवर उघडलेली साधी टर्मिनल खिडकी, .बॅशआरसी वाचते. स्क्रिप्ट चालवणारे बॅश यांपैकी काहीच वाचत नाही.

इथे एक खोच आहे. कोणी तरी एखादे साधन बसवते आणि ते साधन गुपचूप .बॅश_प्रोफाइल तयार करते. त्या दिवसापासून .प्रोफाइल वाचली जाणेच बंद होते आणि तिच्यातली सेटिंग्ज नाहीशी झाल्यासारखी वाटतात. उपाय साधा आहे : .बॅश_प्रोफाइलमध्ये .बॅशआरसी सोर्स करण्याची ओळ घालावी, पाथसारखी व्हेरिएबले प्रोफाइलमध्ये ठेवावीत, आणि टोपणनावे, प्रॉम्प्ट व शेलची सेटिंग्ज .बॅशआरसीत ठेवावीत. एक पथ्य मात्र पाळावे. .बॅशआरसीत ‘इको सुस्वागतम’ यासारखी पडद्यावर लिहिणारी ओळ सरळ घालू नये. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर, कमांड चालवतानाही बॅश ती फाइल वाचू शकते, आणि त्या स्वागताच्या अक्षरांमुळे फाइलींची ने-आण करणारे प्रोग्राम बिघडतात.

‘नाव=किंमत’ एवढेच लिहिले तर ते व्हेरिएबल त्या शेलपुरते राहते. ‘एक्स्पोर्ट’ केले तरच ते पुढे सुरू होणाऱ्या प्रोग्रामांना मिळते. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस देऊ नये, कारण दिली तर शेल ‘नाव’ ही कमांड समजून तिला शोधू लागते.

प्रश्न : हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये का चालत नाही?

क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम, आपले प्रोफाइल वाचत नाही. डेबियनवर त्याचे शेल /बिन/एसएच असते आणि पाथ फक्त /यूएसआर/बिन व /बिन एवढाच असतो. प्रोग्रामांचे पूर्ण पत्ते द्यावेत किंवा क्रॉनटॅबच्या, म्हणजे त्याच्या वेळापत्रकाच्या, वरच्या भागात पाथ लिहावा. शिवाय क्रॉनटॅबमध्ये टक्केचिन्हाचा अर्थ ‘नवी ओळ’ असा होतो, त्यामुळे तारीख बनवणारी ‘डेट +%एफ’ ही कमांड तिथे तुटते. टक्केचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी.

प्रश्न : वर्षभर चाललेली स्क्रिप्ट फक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच का बिघडते?

हा प्रश्न ऐकून लोक हसतात, पण तो खरा आहे. महिन्याचा क्रमांक ‘डेट +%एम’ ने घेतला की ०१, ०२ असा दोन अंकी येतो. बॅशच्या गणितात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते. ०१ ते ०७ दोन्ही पद्धतींत सारखेच असल्याने जुलैपर्यंत कोणाला काही कळत नाही. अष्टमान पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत, म्हणून ऑगस्ट उजाडला की ‘व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस’ अशी एरर येते. ऑक्टोबरमध्ये १० येताच सगळे पुन्हा सुरळीत होते आणि प्रश्न पुढच्या वर्षापर्यंत विसरला जातो. $((१०#$महिना)) असे लिहिले की संख्या दशमान मानली जाते.

प्रश्न : शेलमध्ये मराठी कितपत चालते?

फाइलींची नावे देवनागरीत ठेवता येतात. मात्र यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे. म्हणजे काना, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून ८५ चिन्हेच मावतात. सरकारी परिपत्रकाचा पूर्ण विषय फाइलीच्या नावात लिहिणाऱ्यांना ही भिंत लवकर लागते.

मोजणीतही हाच फरक दिसतो. ‘मराठी’ हा देवनागरीतला शब्द प्रिंटएफने मोजणी करणाऱ्या डब्ल्यूसीकडे पाठवला, तर बाइट मोजणाऱ्या -सी पर्यायाने १५ आणि चिन्हे मोजणाऱ्या -एम पर्यायाने ५ असे उत्तर येते. आपल्या कानाला त्यात म, रा आणि ठी अशी तीनच अक्षरे ऐकू येतात. प्रिंटएफऐवजी इको वापरल्यास ओळ संपल्याचे चिन्ह मिळवून १६ आणि ६ येतात. लोकेल (भाषा व लिपीचे सेटिंग) ‘सी’ असेल तर -एम सुद्धा बाइटच मोजतो.

सॉर्टचा क्रमही लोकेलवर अवलंबून असतो. ‘एलसी_ऑल=सी’ असताना केवळ संकेतांकांचा क्रम लागतो, आणि त्यात ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये येते, तर आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. मतदारयादी किंवा हजेरीपट लावताना हे ध्यानात घ्यावे.

‘एलियास यादी=...’ असे देवनागरी टोपणनाव बॅश स्वीकारते. व्हेरिएबलाचे नाव मात्र रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांचेच असावे लागते. देवनागरी अंक बॅशच्या गणिताला कळत नाहीत, म्हणून मराठी अर्जातून आलेली ‘५’ ही किंमत बेरजेत घेण्याआधी रूपांतरित करावी लागते.

प्रश्न : दोन खिडक्या उघड्या असताना एकीचा इतिहास का हरवतो?

बॅश इतिहास मेमरीत ठेवते आणि बंद होताना .बॅश_हिस्टरी या फाइलीत लिहिते. मूळ सेटिंगमध्ये ही फाइल नव्याने लिहिली जात असल्याने शेवटी बंद झालेली खिडकी आधीच्या खिडकीची नोंद पुसते. ‘शॉप्ट -एस हिस्टअपेंड’ ने नोंदी जोडल्या जातात. बॅश मुळात ५०० कमांडच लक्षात ठेवते, म्हणून हिस्टसाइझ वाढवून घ्यावे. हिस्टकंट्रोलची किंमत ‘इग्नोरबोथ’ असेल तर स्पेसने सुरू होणारी कमांड नोंदवली जात नाही. पासवर्ड लपवायला हा मार्ग पुरेसा नाही, कारण कमांड चालू असेपर्यंत चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या पीएसच्या यादीत ती इतरांनाही दिसू शकते.

प्रश्न : चॅटवरून कॉपी केलेली कमांड जशीच्या तशी पेस्ट केली, तरी चालत का नाही?

ती बहुधा जशीच्या तशी नसते. चॅट आणि लेखनाचे प्रोग्राम सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतात आणि दोन उणे चिन्हांची एक लांब रेघ करतात. शेलच्या लेखी ती केवळ साधी अक्षरे आहेत. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचे अदृश्य चिन्ह असते. ‘बॅड इंटरप्रिटर’ या एररमध्ये ^एम दिसला की तेच कारण समजावे आणि ‘डॉसटूयुनिक्स’ चालवावे.

प्रश्न : ‘एसएच स्क्रिप्ट’ आणि ‘बॅश स्क्रिप्ट’ यांत फरक पडतो का?

पडतो. उबुंटूवर २००६ पासून आणि डेबियनवर २०११ पासून एसएच म्हणजे डॅश हे लहान व वेगवान शेल आहे. त्याला अ‍ॅरे आणि दुहेरी चौकोनी कंस समजत नाहीत. स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशची असली तरी ‘एसएच स्क्रिप्ट’ असे चालवल्यावर ती ओळ केवळ टिप्पणी ठरते.

प्रश्न : धोक्याची कमांड देण्याआधी ती नक्की काय करणार, हे पाहता येते का?

आरएमच्या जागी इको लिहून एकदा चालवावे, म्हणजे विस्तारानंतरची नावे दिसतात. शब्दांच्या सीमा कळायला हव्या असतील तर ‘प्रिंटएफ "[%एस]\एन"’ वापरावे, म्हणजे प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर कंसात येतो. ‘बॅश -एन’ फक्त व्याकरण तपासते, काही चालवत नाही. ‘शेलचेक’ हे साधन राहून गेलेली अवतरणचिन्हे ओळक्रमांकासह दाखवते. आणि ‘सेट -एक्स’ दिले की प्रत्येक कमांड चालण्याआधी अधिकचिन्हासह छापली जाते, तीही विस्तार होऊन प्रोग्रामच्या हाती पडते त्या रूपात. आमच्याकडे रुजू झालेल्या एका मुलीने दोन तास न सुटलेली अडचण घेऊन मला बोलावले, तेव्हा मी फक्त ही ओळ स्क्रिप्टच्या वर घातली. पडद्यावर ‘+ आरएम -आर /बॅकअप/ जुने’ असे उमटले. ‘बॅकअप/’ आणि ‘जुने’ यांच्यामधली ती स्पेस पाहिल्यावर तिने काही न विचारता कंट्रोल-सी दाबले.